‘एवढ्या लांब जाऊन गल्ल्याच बघायच्या का?’

ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जयपूरला जातोय. मी, मिस्टर, सासूबाई (वय ७२, गुडघ्यांचा त्रास), मुलगी नववीत, मुलगा चौथीत. प्रत्यक्ष तिथे चार दिवस मिळतील. मिस्टरांनी एक्सेलमध्ये सतरा ठिकाणांची यादी केलीय, प्रत्येकासमोर वेळ टाकून. आमेर ९ ते ११, जयगड ११.१५ ते १२, असं. मागे म्हैसूरला हेच झालं होतं. राजवाडा पळत पाहिला, आणि देवराज मार्केटात फुलांचे ढीग बघत मी जरा रेंगाळले, तर ‘ड्रायव्हर थांबलाय’ म्हणून हाका सुरू. या वेळी मी सांगून टाकलं, मला ठिकाणं नकोत, मला शहर हिंडायचंय. त्यावर हे म्हणाले, ‘एवढ्या लांब जाऊन गल्ल्याच बघायच्या का? आपल्या तांबट लेनीत तू कधी पाच मिनिटं थांबलीस?’ मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं चालू आहे. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?

— एक वाचक, नाशिक

तांबट लेनीचा टोमणा झोंबला, कारण तो खोटा नाही. आपल्या गावात आपण थांबत नाही याचं कारण साधं आहे. हातात भाजीची पिशवी असते, मुलांची शाळेची रिक्षा यायची वेळ झालेली असते, आणि तांबट काय, उद्याही ठोकत बसलेले असणारच. थांबायची सवड फक्त सुट्टीत मिळते. एवढं उत्तर त्यांना द्यायला काहीच हरकत नाही. पण त्यांच्या बोलण्यात आणखी एक मुद्दा आहे, तो तुम्ही ऐकून घ्यावा. नुसतं ‘हिंडायचंय’ म्हणजे कुठे, किती वाजता, काय बघायला? त्यांची यादी फार लांब आहे आणि तुमची कोरी आहे. कोरी यादी घेऊन दोन मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना भर दुपारी जोहरी बाजारात उभं केलंत, तर अर्ध्या तासात एकाला भूक लागेल, दुसऱ्याला बाथरूम हवं असेल, आणि मग ‘तरी मी सांगत होतो’ हे ऐकण्यावाचून तुमच्याकडे काही उरणार नाही.

थोडं मिस्टरांच्या बाजूने बोलते. आपल्यातल्या कितीतरी जणांची लहानपणीची पहिली सहल महाबळेश्वरची. तिथे टॅक्सीवाला पॉइंट मोजून दाखवतो. हा आर्थर सीट झाला, हा एल्फिन्स्टन झाला, आता केट्स, चला बसा. पॉइंट राहिला म्हणजे पैसे बुडाले, हा हिशेब तेव्हा जो डोक्यात बसतो तो पुढे निघत नाही. शिवाय परत आल्यावर ऑफिसात कोणीतरी विचारणारच, ‘जयगड नाही केलात? अरेरे.’ पाच जणांची तिकिटं, रजा, हॉटेल हे सगळं ज्याने जुळवलंय, त्याला काहीतरी राहून जाईल याची धास्ती असते. एक्सेलची शीट हा त्या धास्तीवर त्यांनी शोधलेला उपाय आहे. ती फाडू नका. मात्र कात्री लावा.

आता जयपूर. तुमच्या भांडणातली गंमत अशी की या शहरात गल्ल्या हेच मोठं ठिकाण आहे, आणि हे काही माझं एकटीचं मत नाही. जंतरमंतर (तिथली जुनी वेधशाळा) २०१० मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आमेरचा किल्ला २०१३ मध्ये गेला. त्यानंतर २०१९ मध्ये युनेस्कोने तटाच्या आतलं अख्खं जुनं शहरच त्या यादीत घातलं. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये आमेरच्या डोंगरातली राजधानी खाली मैदानात आणली आणि विद्याधर भट्टाचार्यांनी तिची आखणी करून दिली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, त्यांनी पाडलेले मोठे चौकोन, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दुकानं, आणि दुकानांच्या मागे कारागिरांची वस्ती, एकेका धंद्याचा एकेक ‘रास्ता’. मिस्टरांना तो नकाशा उघडून दाखवा. ज्या माणसाने सहलीचे रकाने पाडलेत, त्याला रकाने पाडून वसवलेलं शहर आवडलंच पाहिजे.

आणि मग हवा महलाची गोष्ट काढा. त्यांच्या यादीत तो असणारच, बहुधा वीस मिनिटांचा. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी बांधलेली ती पाच मजली, ९५३ खिडक्यांची दर्शनी भिंत. लोक समोरच्या फुटपाथवरून सेल्फी काढतात आणि निघतात. पण ती बांधली कशासाठी? पडद्यातल्या राजस्त्रियांना खालचा बाजार, मिरवणुका, लोकांची जा-ये बघता यावी म्हणून. रस्ता बघण्यासाठी बांधलेल्या इमारतीचा फोटो काढायचा आणि रस्त्याकडे मात्र पाठ फिरवायची, हे काही पटत नाही. आत जायचं दार मागच्या बाजूला आहे. वर चढायला बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांऐवजी उतरती वाट आहे. एखाद्या छोट्या खिडकीशी दहा-पंधरा मिनिटं बसा आणि खाली काय चाललंय ते मुलांना बघू दे. त्यांचं ठिकाण आणि तुमचं हिंडणं तिथे एका तिकिटात होतं. समोरून बघायचा असेल तर सकाळी बघा. त्याचं तोंड पूर्वेला आहे, उन्हं थेट अंगावर येतात, आणि बाजार उघडायच्या आधी फुटपाथवर गर्दीही कमी असते.

जंतरमंतर कापू नका, हे मी तुम्हाला सांगतेय, मिस्टरांना नाही. हिंडणाऱ्या माणसाला आधी तेच कंटाळवाणं वाटतं, कारण गाईड न घेता गेलं तर ते सिमेंटच्या विचित्र घसरगुंड्यांचं मैदान दिसतं. तिथे गाईडवर पैसे खर्च करा, बाकी कुठे नाही केलेत तरी चालेल. आणि वेळ साधा. साडेअकरापर्यंत पोचा आणि साडेबारापर्यंत थांबा.

याचं कारण सम्राट यंत्र. जवळपास २७ मीटर उंचीची ती तिरपी भिंत म्हणजे सावलीचं घड्याळ. दोन्ही बाजूंना वर वळत गेलेल्या कमानींवर वेळेच्या खुणा कोरलेल्या आहेत. सकाळभर सावली पश्चिमेच्या कमानीवरून खाली उतरत येते, मध्यान्हीला भिंतीच्या पायथ्याशी नाहीशी होते आणि मग पूर्वेच्या कमानीवर चढायला लागते. ही सावली मिनिटाला सहा सेंटिमीटरहून जास्त सरकते, म्हणजे डोळ्यांना चालताना दिसते. कडा जरा धूसर असते, तिकडे गाईडने बोट दाखवल्यावर कळते. मुलाला मोबाइलवर मिनिट लावून द्या आणि सावली कुठवर जाईल याची पैज लावा. मुलीसाठी दुसरं काम आहे. सावलीवरची वेळ आणि मनगटावरची वेळ जुळणार नाही. जयपूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी सत्तावीसेक मिनिटं मागे आहे, कारण प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरतात आणि जयपूर त्याच्या बऱ्याच पश्चिमेला पडतं. पण दिवाळीच्या सुमारास हा फरक दहा ते तेरा मिनिटांवर आलेला असतो. का, ते तिला शोधू दे. भूगोलाच्या सरांनाही विचारता येईल. जयसिंगांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रातले पंडित होते आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात आणली, हेही तिला सांगा. नववीत ती जी प्रमेयं घोकतेय, त्यांच्याशी याचा थेट संबंध आहे. शेजारीच बारा राशींची बारा छोटी यंत्रं आहेत. आपापली रास शोधण्यात मुलांची दहा मिनिटं सहज जातात, आणि सासूबाईंचीही.

सासूबाईंवरून आठवलं. तुमच्या पत्रात त्यांचं सगळं म्हणणं कंसात आहे, वय आणि गुडघे. मिस्टरांच्या यादीत त्या बहुधा गाडीत बसून राहणार आहेत आणि तुमच्या हिंडण्यात त्या कुठे मावतात हेही मला दिसलं नाही. त्यांना काय बघायचंय हे कोणी विचारलंय का? विचारायच्या आधी दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला.

एक, गोविंददेवजींचं मंदिर. सिटी पॅलेसच्या मागच्या बागेत आहे, जमीन सपाट आहे, तिकीट नाही. वृंदावनाहून आणलेली कृष्णाची मूर्ती, आणि दिवसातून सात वेळा दर्शन उघडतं, त्याला तिथे झांकी म्हणतात. पडदा उघडायच्या आधी वीस मिनिटं जाऊन सभामंडपात बसायचं. आजूबाजूच्या बायका भजन म्हणत असतात, कोणी टाळ्या वाजवतं, कोणी घरून आणलेली फुलं मांडीवर घेऊन ओवत बसतं. पडदा सरकला की सगळा मंडप एकदम उठतो. रोज ऑफिसला जाता जाता येणारे लोक तिथे असतात. जयपूरच्या माणसांना खरोखर बघायचं असेल, तर बाजारापेक्षा ही जागा बरी, आणि तिथे बसून बघता येतं. झांकीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी विचारून घ्या.

दुसरी जागा म्हणजे चांदपोल बाजारातून आत जाणारा खजानेवालों का रास्ता. हा मूर्तिकारांचा मोहल्ला. आपल्याकडे गावोगावच्या देवळांत पांढऱ्याशुभ्र संगमरवराची राम-सीता किंवा विठ्ठल-रखुमाई असते आणि पुजारी अभिमानाने सांगतो, ‘मूर्ती जयपूरहून आणलीय.’ ती इथून येते. दारादारांत अर्धवट घडलेले गणपती, हात कोरायचे राहिलेले हनुमान, पॉलिश होऊन डोळे रंगवायची वाट बघणाऱ्या देवी. कारागिरांच्या भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या. धूळ बरीच असते, रुमाल जवळ ठेवा. सासूबाईंना ई-रिक्षात बसवून त्या गल्लीतून सावकाश न्या, रिक्षा पाहिजे तिथे थांबवता येते. ज्या बाईने आयुष्यभर देवळात जाऊन हात जोडले, तिला देव घडताना बघायला मिळाला तर ती तुम्हा दोघांपेक्षा जास्त बोलेल असा माझा अंदाज आहे.

तुमच्या स्वतःच्या कोऱ्या यादीत मी एकच गोष्ट लिहून देते, बाकीचं तुम्ही भरा. त्रिपोलिया बाजारातून आत मणिहारों का रास्ता आहे, लाखेच्या बांगड्यांचा. दुकान म्हणजे कधीकधी नुसता ओटा. कारागीर निखाऱ्यांच्या शेगडीवर लाखेचा गोळा धरतो, मऊ झाला की त्यावर रंगीत लाखेचा लेप चढवतो, मग पत्र्यावर लाकडी ठोकळ्याने दाबत दाबत त्याची लांब वळी करतो. ती वाकवून दोन्ही टोकं जुळवतो, सांधा बोटाने मिटवतो आणि गोल दांड्यावर चढवून माप नीट करतो. खडे लावायचे असतील तर एकेक खडा चिमट्याने गरम लाखेत दाबतात, हे काम बहुतेक घरातल्या बायका करतात. तुमच्या मनगटाचं माप घेऊन समोर करून द्या म्हटलं तर देतात. हातात पडते तेव्हा बांगडी अजून कोमट असते. याला तासभर द्या. सकाळी अकराच्या आधी गेलात तर दुकानं बंद दिसतील, तेव्हा दुपारी चारनंतर जा. मुलीला घेऊन जा, तिची इच्छा असेल तर. नसेल तर ओढू नका, नववीतल्या मुलीला ओढून नेलेली प्रत्येक जागा बोअरच वाटते.

आता कात्री. जलमहाल पाण्यात आहे आणि रस्त्यावरूनच बघायचा असतो. आमेरला जाताना वाटेत लागतो, गाडीतून उतरा, बघा, पुढे चला, यादीत वेगळी ओळ नको. बिर्ला मंदिर वगळा. अल्बर्ट हॉल संध्याकाळी दिवे लागल्यावर बाहेरून छान दिसतो. आत इजिप्तची ममी आहे, ती बघायला मुलगा हट्ट धरेल तर अर्धा तास द्या. सिटी पॅलेसमध्ये चांदीच्या दोन अवाढव्य गंगाजळ्या आहेत, जवळपास माणसाएवढ्या उंच. दुसऱ्या माधोसिंगांनी १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला इंग्लंडला जाताना गंगेचं पाणी सोबत नेलं, त्यासाठी त्या होत्या. तिथलं पाणी प्यायचं नाही म्हणून घरचं पाणी जहाजातून नेणाऱ्या राजाची गोष्ट मुलांना आवडते, आणि दोन डबे ठेपले घेऊन निघणाऱ्या आपल्यासारख्यांनाही.

आमेरला दोन तास पुरणार नाहीत. सकाळी दार उघडताच जा, जीप वरपर्यंत नेते. हत्तीवरून वर जायचा हट्ट मुलगा करेल. मी तरी नको म्हणेन, दगडी चढावर माणसांच्या फेऱ्या मारणारा तो प्राणी बघितला की मजा राहत नाही. गणेश पोल, शीश महल निवांत झाले की इथे तुम्ही सगळे दोन गटांत फुटा. बाप-लेक जयगडावर जातील. १७२० मध्ये ओतलेली चाकांवरची जयबाण तोफ तिथे आहे आणि चौथीतल्या मुलासाठी ती अख्ख्या जयपूरपेक्षा मोठी गोष्ट आहे. बाकीच्यांनी खाली आमेर गावात उतरायचं. राजधानी निघून गेली तरी गाव तिथेच राहिलंय. मीरेच्या पूजेतली मूर्ती जिथे आहे असं सांगतात ते जगत शिरोमणी मंदिर, आडव्यातिडव्या पायऱ्यांचं पन्ना मीना कुंड (खाली उतरू देत नाहीत, वरून बघायचं), आणि एका जुन्या हवेलीत हातछपाईच्या कापडांचं संग्रहालय. किल्ल्यावर लोटलेली गर्दी तिथवर फारशी पोचत नाही. सासूबाई गाडीने कुंडापर्यंत येऊ शकतात. दीड-दोन तासांनी सगळे एकत्र जेवायला.

हे फुटणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कुटुंबाची सहल म्हणजे पाच जणांनी चार दिवस एका रांगेत चालायचं, असं आपण का धरून बसतो कळत नाही. टूर कंपनीच्या बसमध्ये ते लागतं, कारण झेंडा धरलेल्या मॅनेजरला माणसं मोजायची असतात. तुम्हाला कोण मोजणार आहे? रोज दोन-तीन तास वेगळे घालवा, रात्री जेवताना प्रत्येकाकडे दुसऱ्याला न माहीत असलेलं काहीतरी सांगायला असतं.

यादी कापायला बसाल तेव्हा हे ठरवा. मिस्टरांनी सतरापैकी चार अशी निवडायची, जी राहिली तर त्यांना खरंच वाईट वाटेल. फोटोसाठी नव्हे, ऑफिससाठी नव्हे. सासूबाईंच्या दोन, मुलांची एकेक, तुमच्या दोन, आणि तुमच्या दोनांसमोरही वेळ लिहायची. उरलेली सगळी शीटच्या दुसऱ्या पानावर हलवा, डोळ्यांआड. सरकारी ठिकाणांचं एकत्रित तिकीट मिळतं, दोन दिवस चालतं आणि स्वस्त पडतं, पण ते घेतलं की मिस्टरांना प्रत्येक ठिकाण ‘वसूल’ करायचा ताप चढेल. आधी ठिकाणं ठरवा, मग हिशेब मांडा. सिटी पॅलेस त्यात येत नाही, त्याचं वेगळं.

गल्ल्यांतून हिंडताना एवढंच सांभाळा की रिक्षावाला किंवा रस्त्यात भेटलेला गोडबोल्या ‘माझ्या काकांची फॅक्टरी बघून तर घ्या, खरेदी करायची सक्ती नाही’ म्हणाला, तर नको म्हणायचं. त्यात त्याचं कमिशन असतं आणि तुमचा दीड तास जातो. दुपारी एक ते चार हॉटेलवर परत या, आडवे व्हा. यावर मिस्टर कुरकुर करतील, पण ही विश्रांती मिळाली तरच संध्याकाळचं जयपूर बघायचं त्राण उरतं. आणि दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळ चुकवायची नसते. बाजारच्या बाजार रोषणाईने उजळलेले असतात आणि शहरातली माणसंच ती बघायला बाहेर पडलेली असतात, सहकुटुंब, नवे कपडे घालून, काही विकत न घेता. तेव्हा तुमच्या मिस्टरांच्या लक्षात येईल की गल्ल्या बघायला जयपूरकरही येतात.

मात्र त्यासाठी हॉटेल कुठे आहे याला फार महत्त्व आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. तटाच्या आत किंवा चांदपोल, अजमेरी गेट, एम. आय. रोडच्या आसपास असेल तर सासूबाई थकल्यावर ई-रिक्षाने त्यांना पंधरा मिनिटांत खोलीवर सोडता येतं आणि बाकीचे फिरत राहू शकतात. स्वस्तात मिळालं म्हणून विमानतळाकडे किंवा हायवेवर घेतलं असेल, तर दुपारची विश्रांतीही गेली आणि फुटाफुटीही गेली, मग एकच गाडी आणि सगळे तिच्यात. बुकिंग विनाशुल्क रद्द करायची मुदत कधी संपते ते आज रात्रीच बघून घ्या. दिवाळीच्या आठवड्यातल्या जुन्या शहराजवळच्या खोल्या लवकर भरतात.